रुक्मिणीची चेहरेपट्टी

रुक्मिणी कदम जिवंत आहे याबद्दल कचेरीत कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती टेबलापुढे उभ्या असलेल्या बाईबद्दल.

"काकी, जरा उजेडात या ना," उमाशंकर म्हणाला. "हां, बस. आता मान वळवा. दुसरीकडे, दुसरीकडे."

उमाशंकर हा परवरिशीच्या खात्यातला कारकून. जन्माचा माळवी, पण वाढलेला देवासच्या मराठ्यांच्या आळीत, त्यामुळे त्याची मराठी म्हणजे निम्मी हिंदी. माणूस मात्र भला. जुने मोडी कागद वाचणारा त्या कचेरीत तो एकटाच उरला होता. संस्थानं विलीन झाली, देवासचे दोन्ही दरबार उठले, आणि दरबारच्या नोकरांच्या विधवांना महिन्याच्या महिन्याला जी नेमणूक मिळायची, तिलाच परवरिश म्हणत, ती आता नवं सरकार द्यायला लागलं. द्यायला लागलं, पण माणूस पारखून. बावन्न सालच्या श्रावणात वरून हुकूम आला की प्रत्येक बाईचा चेहरा जुन्या चेहरेपट्टीशी ताडून पाहा, जुळला तर पैसे, नाहीतर बंद.

ही चेहरेपट्टी म्हणजे काही तसबीर नव्हे. पागेतल्या माणसांच्या बायकांना दरबारातून शिधा मिळायचा. कुणी शेजारणीला बायको म्हणून उभी करून दोन-दोन शिधे उचलायला नकोत, म्हणून एकेकीच्या अंगावरच्या खुणा लिहून खाली तिचा अंगठा घेतलेला असे. बस, एवढंच.

उमाशंकरनं पिवळा पडलेला कागद वाचला. "रुक्मिणी, खाविंद कृष्णाजी कदम, जमादार, पागा. रंग गव्हाळ. डाव्या भुवईत जुनी खोक. उजव्या कानाखाली तीळ. डाव्या हाताची करंगळी आत वाकलेली." वाचून त्यानं वर पाहिलं. रुक्मिणीच्या दोन्ही भुवया नीट होत्या. कानाखाली काही नव्हतं. करंगळी सरळसोट.

"काकी, यातलं तर एक पण नाही जुळत," तो हळू आवाजात म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्यानं नमुना म्हणून तिच्या डाव्या हाताचा अंगठा एका कोऱ्या कागदावर घेतला, बाजूला तारीख टाकली आणि तो कागद आत साहेबांकडे नेला. साहेब नवे होते, ग्वाल्हेरकडचे. त्यांनी बाहेर यायची तसदीही घेतली नाही. परवरिश बंद, आणि दोन महिन्यांत ही बाई कोण ते सिद्ध झालं नाही तर नाव कायमचं कमी, असा शेरा लिहून कागद परत आला.

रुक्मिणी घरी निघाली ती मीठा तालाबावरून. पाय चालत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. कारण कचेरीचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आता खरं काय ते ऐका. कृष्णाजी जमादाराची पहिली बायको रुक्मिणी. चेहरेपट्टी तिची. ती तेहतीस साली बाळंतपणात गेली, पोरही गेलं. पुढच्या वर्षी कृष्णाजीनं दुसरं लग्न केलं, धारच्या भगवंतरावांच्या मुलीशी. तिचं नाव इंदू, वय सोळा. लग्नात ताटभर तांदूळ घेऊन त्यात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात, तसं कृष्णाजी लिहायला बसला, तर त्याच्या आईनं कानाशी लागून सांगितलं, "रुक्मिणीच लिही." रुक्मिणी गेली नि रुक्मिणी आली. दरबाराला कळवायला नको, दुसऱ्या लग्नाचा नजराणा नको, आणि नवं नाव चढेपर्यंत शिधा बंद पडायला नको. भांड्यांवरची नावंसुद्धा बदलावी लागली नाहीत. काय म्हणावं त्या म्हातारीला! अशा अकला नेमक्या तिलाच सुचायच्या. पुढे तेरा वर्षांनी कृष्णाजी वारला तेव्हा दरबारानं कागद पाहिला, रुक्मिणी हे नाव पाहिलं आणि परवरिश लावून दिली. कुणी भुवया बघायला आलं नाही.

मरून गेलेल्या सवतीचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बोटभर बाई, नव्या सुनेच्या गळ्यात घालतात. तसा तो हिच्याही गळ्यात आला. कृष्णाजी गेल्यावर मंगळसूत्र उतरलं, पण टाक उतरव असं कुणी सांगितलं नाही आणि आपण होऊन उतरवायची तिची छाती झाली नाही. अठरा वर्षं ती रोज जेवायला बसली की पहिला घास त्या टाकासमोर धरायची. "आधी तुम्ही बाई, मग मी," असं म्हणायची आणि मगच जेवायची. सासूनं लावलेली सवय. एक दिवस चुकला नव्हता.

इंदू हे नाव मात्र घरात एकीच्याच तोंडात उरलं होतं. ती लतिका, रुक्मिणीची एकुलती एक पोर. कुणी आसपास नसलं की ती आईच्या गळ्यात पडून "काय हो इंदूबाई" म्हणायची, आणि रुक्मिणी लटकं रागवायची, "गप गं, भिंतींना कान असतात." पण तेवढं ऐकायला तिला फार आवडायचं. सोळा वर्षांची ही पोर मॅट्रिकला बसणार होती. परीक्षा मार्चात, आणि पास झाली की कन्याशाळेत मास्तरीण म्हणून घेऊ असं मोठ्या बाईंनी तोंडभरून सांगितलं होतं. म्हणजे हाच एक हिवाळा काढायचा होता. परवरिशीचे पंधरा रुपये त्या हिवाळ्यापुरते हवे होते.

ते बंद झाल्याची बातमी रुक्मिणीच्या आधी उदाजीरावाच्या घरी पोचली. उदाजीराव तिचा दीर. संध्याकाळी पान चघळत आला आणि ओट्यावर ऐसपैस बसला.

"भावजी, तुम्हाला सगळं ठाऊक आहे," रुक्मिणी म्हणाली. "मी दुसरेपणाची आहे, एवढं कचेरीत येऊन सांगा. तुमची साक्ष पुरे होईल."

"वा! म्हणजे तेरा वर्षं मेलेल्या बाईच्या नावावर शिधा खाल्ला असं मी आपल्या तोंडानं सांगू? आणि वसुली निघाली की? मी नाही बाबा त्यात." त्यानं पिंक टाकली. "आणि कशाला ही यातायात? खातेगावचं स्थळ मी धरूनच ठेवलंय. पन्नास बिघे जमीन, घरात दोन जोड्या बैल. बायको गेली फाल्गुनात. माणूस चाळिशीचा आहे, पण धडधाकट. लतिकेचं सोनं होईल. तांदूळ, अंगठी, सगळं ते लोक बघतील म्हणाले."

तांदूळ म्हटल्यावर रुक्मिणीचा हात आपोआप गळ्याशी गेला. लतिका आत चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्याही गळ्यात असाच एक टाक येणार, तिलाही कुठल्यातरी मेलेल्या बाईचं नाव मिळणार, या विचारानं रुक्मिणीच्या जिवाचं पाणी पाणी झालं.  दिरानं मागितलं तेव्हा तिनं निमूटपणे पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं उमाशंकरला गाठून खरं सांगून टाकलं. त्यानं आधी आसपास पाहिलं. मग म्हणाला, "तो फिर एकच रस्ता आहे, काकी. तुम्ही इंदू होतात याचा एखादा कागद आणा. माहेरून. जन्माचा, लग्नाचा, कसलाही. साहेबांना मी समजावतो."

माहेर! लग्न झाल्यापासून रुक्मिणीनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. ना दिवाळीचं बोलावणं, ना पहिल्या बाळंतपणाचं. आई गेली ते महिन्यानं कळलं, बाप गेला ते तर वर्षानं. आपलं काय चुकलं ते तिला कधीच उमगलं नाही, आणि त्याचं दुःख तिनं अठरा वर्षं पदराआड ठेवलं होतं. आता धारला एक सुमंगला मावशी तेवढी उरली होती, किल्ल्याच्या अंगाला राहणारी. भाड्यापुरते पैसे उसने घेऊन रुक्मिणी भल्या पहाटे मोटारीत बसली.

इंदुरात गाडी बदलताना टपावरची कुणाची तरी पत्र्याची पेटी घसरली आणि तिच्या कपाळावर आली. रक्त आलं. ड्रायव्हर बिचारा घाबरला, "अरे भिया, पानी लाओ," म्हणून ओरडला. तिनं पदर दाबून धरला आणि धारपर्यंत तशीच बसून राहिली. डावी भुवई फुटली होती. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. लागलं, एवढंच.

मावशीचं दार उघडंच होतं. तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा आहे हे रुक्मिणीच्या ध्यानातही नव्हतं. परसात कमरेएवढ्या भिंतीवर केळीच्या पानावर भात, वडे, खीर वाढलेली, आणि म्हातारी सुमंगला आभाळाकडे तोंड करून कावळ्याला हाका मारत होती. पाऊल वाजलं म्हणून ती वळली. पाहिलं मात्र, तिच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला.

"मावशी, मी इंदू."

"आत नको येऊस," म्हातारी म्हणाली.  "म्हणूनच. म्हणूनच आज कावळा शिवेना."

"कुणाचं पान आहे ते?"

 मावशीनं भिंतीला टेकून बसकण मारली आणि रडायलाच लागली. "तुझं गं बाई. दर साल वाढते. आणि दर साल शिवतो."

ऊन डोक्यावर होतं, आळीत सगळीकडे वड्यांचा वास सुटला होता, आणि रुक्मिणीला हुडहुडी भरली.

मावशीनं सांगितलं ते असं. कदमांच्या म्हातारीला पोराचं दुसरं लग्न करायची छाती होत नव्हती. बाळंतपणात गेलेली सून सवतीला जगू देणार नाही, असं तिला एका देवऋषीनं सांगितलं होतं. तोडगाही त्यानंच दिला. सवतच दिसू नये असं करा, म्हणाला. येणारी पोरगी आधी मारून टाका, आणि मग रुक्मिणीलाच परत घरात घ्या. मारून टाका म्हणजे दर्भाची बाहुली करून, पोरीचे कपडे घालून, रीतसर जाळा. माहेरच्यांनी पुन्हा तिला त्या नावानं हाक मारायची नाही, बोलवायचं नाही, तोंड बघायचं नाही. भगवंतराव आधी भडकले. पण कदम हुंडा मागत नव्हते, आणि भगवंतरावांच्या हातात फुटकी कवडी नव्हती.

"तुझा हिरवा परकर," मावशी म्हणाली, "तोच नेसवला."

रुक्मिणीला तो परकर आठवला. लग्नाच्या आठवड्यात तो सापडेना म्हणून ती हटून बसली होती, आणि धोब्यानं हरवला असं सांगून आईनं तोंड फिरवलं होतं. आईनं तेव्हा तोंड का फिरवलं ते आज कळलं. रुक्मिणी तिथंच उंबऱ्यावर बसली. राग आला, भयंकर राग आला, पण ज्यांच्यावर काढायचा त्यातलं कुणी उरलंच नव्हतं.

"मावशी, मला कागद हवाय," ती शेवटी म्हणाली. "मी इंदू आहे असा. नाहीतर माझ्या पोरीला खातेगावच्या बिजवराच्या गळ्यात बांधतील."

मावशी आत गेली आणि पत्र्याच्या डबीतून एक घडी घेऊन आली. "बाहुली झाली तरी लाकडं लागतात. वखारीत नाव लिहिल्याशिवाय देत नसत. त्यांनी हा दाखला दिला. बाकी तुझ्या नावाचं माझ्यापाशी काही नाही."

इंदू, बाप भगवंत, वय सोळा, मयत. इंदूच्या नावाचा उभ्या जगात हा एकच कागद होता. रुक्मिणीनं तो उलटसुलट करून पाहिला, जणू मागच्या बाजूला दुसरं काही लिहिलेलं असेल.

भुवईचं रक्त पुसायला म्हणून मावशी ओला पदर घेऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिनं रुक्मिणीचं डोकं हळूच बाजूला वळवलं. "हा तीळ कधी आला गं तुला? कानाखाली. मी न्हाऊमाखू घातलंय तुला सहा वर्षांची होईतो. तुझ्या अंगावर तीळ नव्हता."

रुक्मिणीनं तिथं बोट लावलं. बोटाला कळत होता, मोहरीएवढा.

कावळा अजून आला नव्हता. समोरच्या निंबावर बसून होता, पण उतरत नव्हता. मावशीनं डोळे पुसले, उठून पानापाशी गेली आणि दर दहाव्याला नाहीतर श्राद्धाला कावळा अडला की बायका विचारतात तसं विचारलं, "काय राहिलं गं तुझं? काय इच्छा अडकली? सांग, पुरी करू." आणि मग ती वळून रुक्मिणीकडे बघत राहिली, कारण उत्तर कुणी द्यायचं ते तिलाही समजेना.

रुक्मिणी उठली. भिंतीपाशी जाऊन त्या पानासमोर उभी राहिली. आपल्याच पानासमोर. ती स्पष्ट म्हणाली, "लतिकेला दुसरेपणावर देणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

कावळा उतरला. भाताला चोच लावली, वडा उचलला आणि किल्ल्याच्या बाजूला उडून गेला.

परतीच्या मोटारीत तिनं डावा हात मांडीवर ठेवला होता. इंदूर मागे पडल्यावर कधीतरी तिचं लक्ष गेलं. करंगळी आत मुडपली होती. तिनं दुसऱ्या हातानं ती सरळ केली. सोडली की पुन्हा आत.

घरी लतिकेनं भुवईला हळद भरली आणि करंगळीला कोमट तेल चोळलं. वात असेल, पोर म्हणाली. असेलही. दाखला मोडीत होता आणि लतिका हिंदी शाळेतली, तिला मराठीच जेमतेम वाचता यायचं, तिथं मोडी कुठली! तिनं विचारलं, "कागद मिळाला?" रुक्मिणीनं हो म्हटलं आणि घडी कनवटीला लावली.

पुढच्या पंधरा दिवसांत एक गोष्ट झाली. खोक भरली, हे बरंच झालं. पण ताजी जखम भरली की काही दिवस कातडी गुलाबी दिसते, तशी ती दिसेना. पांढुरकी, सुरकुतलेली, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची दिसत होती. लतिका आरसा घेऊन आली. रुक्मिणीनं तो पालथा ठेवला.

आणि एकदा लतिकेनं मागून लाडानं हाक मारली, "काय हो इंदूबाई, आज भाजीला काय?" रुक्मिणी भाकरी थापत होती, थापतच राहिली. लतिकेनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा "आई" म्हटलं, तेव्हा रुक्मिणीनं वळून पाहिलं. "अगं, मला कशी हाक नाही मारलीस?" असं ती अगदी सरळपणे म्हणाली. म्हटल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. लतिका हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही.

ठरल्या दिवशी रुक्मिणी कचेरीत गेली. या खेपेला साहेब स्वतः बाहेर येऊन बसले होते. कनवटीला दाखला होता. वाटेत तिनं सगळं बोलणं मनाशी जुळवलं होतं. मी इंदू, हा माझ्या मेल्याचा दाखला, पण मी मेलेले नाही, असं सांगायचं. मनात म्हणून पाहिलं तेव्हा तिलाच ते खुळचट वाटलं. मेलेल्या बाईला कुठलं सरकार परवरिश देतं? आणि दुसरेपणाच्या इंदूचं लग्न तरी कुठल्या कागदात होतं?

"डावी भुवई," साहेब म्हणाले.

उमाशंकरनं पाहिलं. त्याची लेखणी थांबली. "खोक आहे, साहेब. जुनी."

"कानाखाली?"

"तीळ आहे."

साहेबांनी करंगळीचं विचारायच्या आधीच ती त्यानं पाहिली होती. तो रुक्मिणीच्या तोंडाकडे बघेना. साहेब वैतागले. महिन्यापूर्वी काही नव्हतं, आज सगळं आहे, हा काय तमाशा आहे? कुणीही खोक पाडून घेईल, तीळ गोंदवून घेईल. अंगठा घ्या, म्हणाले. अंगठा कुणाला गोंदवता येत नाही.

अंगठा घेतला. भिंगाखाली तीन ठसे मांडले, दरबारच्या जुन्या चेहरेपट्टीवरचा, मागच्या खेपेचा आणि आत्ताचा. उमाशंकर ओणवा होऊन पाहत राहिला. त्यानं भिंग पुसलं आणि परत पाहिलं. खिडकीबाहेर देवीच्या टेकरीवर जाणाऱ्या लोकांचा गलका चालला होता. मग त्यानं मान वर केली.

"जुना आणि आजचा एक आहे, साहेब. रेघ न् रेघ." मग तो अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "काकी, पिछले महिन्यात कोण आलं होतं?"

साहेबांना ते ऐकू गेलंच. एकदम त्यांचा चेहरा उजळला, कोडं सुटल्यासारखा. "अच्छा! म्हणजे असली यही है. नकली तो वो थी." ते रुक्मिणीकडे वळले आणि बऱ्याच सभ्यपणे विचारते झाले, "बाई, आपके नाम पर पिछले महीने जो औरत यहाँ आई थी, वह कौन थी? आप उसे जानती हैं?"

उमाशंकर तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तिनंच सांगितलं होतं. एक शब्द पुरे होता. त्या कचेरीत एका माणसापुढे तरी ती अजून इंदू होती. रुक्मिणीचा हात कनवटीकडे गेला, कागदाची घडी बोटांना लागली. हिरवा परकर डोळ्यांपुढे आला. मग चुलीपाशी मान खाली घालून बसलेली लतिका आली.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी तिला ओळखत नाही."

"लिखो," साहेब म्हणाले, "पिछली औरत नकली. परवरिश जारी."

उमाशंकरनं लिहिलं. मागच्या खेपेचा ठसा असलेला कागद साहेबांनी आडवा फाडला आणि टोपलीत टाकला. पैसे मोजून घेताना रुक्मिणीला त्या टोपलीकडे बघवलं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवलंही नाही. उमाशंकर नेहमी तिला दारापर्यंत पोचवायचा. आज तो जागचा उठला नाही.

घरी येऊन तिनं आधी लतिकेची फी काढून ठेवली. मग दिराकडे निरोप धाडला की खातेगावच्या लोकांना नाही म्हणून कळवा. उदाजीराव तावातावानं आला, परवरिश सुरू झाल्याचं ऐकून गप्प झाला आणि चहा न घेताच गेला. लतिकेनं आईला घट्ट मिठी मारली. केवढी खूश होती पोर! पुस्तकं काढून बसली, उठली, पुन्हा बसली, आणि दुपारी हौसेनं स्वतःच्या हातानं आईचं पान वाढलं.

रुक्मिणी बसली. पोळी मोडली आणि सरळ तोंडात घातली.

"आई," लतिका म्हणाली, "टाकाला नाही दाखवलंस?"

अठरा वर्षांत हे पहिल्यांदा झालं होतं. रुक्मिणीचा घास तोंडातच राहिला. तिनं मान खाली करून गळ्यातला टाक हातात घेतला, उजेडाकडे धरला. रोज हात लागून लागून त्यावरच्या बाईचे नाकडोळे कधीच पुसट झाले होते. तरी ती बराच वेळ पाहत राहिली, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी. बाई कसली, पोरच ती, सोळा वर्षांची. रुक्मिणीला हुंदका आला. तो तिनं आवरला नाही.

मग तिनं दुसरा घास केला, त्यावर थोडा गूळ ठेवला, कारण पोरीला गोड आवडायचं, आणि टाकासमोर धरला.

"आधी तू जेव, इंदू," ती म्हणाली. "मग मी."